आधी आभार, मग कारण

आमच्या दवाखान्यात शिरलं की आधी मी दिसते, मग ट्रे, आणि मग डॉक्टर. हा क्रम मी ठरवला आहे आणि तो मोडायची फारशी कुणाची छाती होत नाही. डॉक्टर माझा धाकटा भाऊ. मी एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि त्याने दवाखाना काढला तशी बाहेरच्या खोलीत येऊन बसले, ती अजून उठलेली नाही. त्याची मुलगी मला आत्या म्हणते, म्हणून अख्खी गल्ली मला आत्या म्हणते. माझ्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. मी चालवून घेते.

घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत भरून आणायची आणि माझ्यासमोर ट्रेमध्ये ओतायची, हा आमचा पहिला नियम. सर्दी असो, कान दुखो, पिशवी पाहिजे. त्या ट्रेमध्ये मी काय काय पाहिलं आहे! शेजारणीने प्रेमाने दिलेल्या गोळ्या, वारलेल्या सासऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या, मांजराचं जंताचं औषध. एका बाईंच्या पिशवीतून नवऱ्याची कवळी निघाली. बिचारा घरभर शोधत होता. लोक कुरकुरतात, "आत्या, नुसता खोकला झालाय, एवढं बिऱ्हाड कशाला हलवायला लावता?" मी सांगते, "खोकला घशात असला तरी पोट एकच आहे. त्यात काय काय पडतं ते आम्हाला बघू दे."

दुसरा नियम निघताना. कुठली गोळी कधी घ्यायची ते पेशंटने आपल्या तोंडाने डॉक्टरला सांगायचं. चुकलं तर पुन्हा. काहीजण परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम होतात.

पण माझ्या भावाचा लाडका नियम तिसरा. तो त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवला आहे. या दवाखान्यात कुणीही, कधीही, कुणालाही 'थांबा' म्हणू शकतो. तसं म्हटलं की काम करणाऱ्याने हातातलं खाली ठेवायचं, दोन्ही हात वर करायचे, आधी आभार मानायचे आणि मग कारण विचारायचं. आभार आधी, कारण नंतर. कारण खोटं निघालं तरी आभार परत घ्यायचे नाहीत. एकदा एक चिमुरडी इंजेक्शनच्या सुईकडे बघून "थांबा!" म्हणून किंचाळली. माझ्या भावाने सुई ठेवली, हात वर केले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आभारी आहे. कारण?" ती म्हणाली, "दुखतं." तो म्हणाला, "बरोबर आहे, दुखतं." मग सुई टोचलीच, पण ती पोर रडली नाही. हात वर केलेला डॉक्टर बघून तिची अर्धी भीती तिथेच गेली असावी.

हे नियम कुठून आणलेस असं कुणी विचारलं तर तो सांगतो, "भीतीतून. मी भित्रा डॉक्टर आहे." लोकांना वाटतं गंमत करतो. गंमत नसते ती. मला माझ्या भावाचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. दोन खोल्या, एक बाक, तीन खुर्च्या आणि एक खडखडणारा पंखा एवढ्याच संसारात त्याने माणसं जपली आहेत.

त्याच्या मुलीचं घरातलं नाव बारकी. जन्मली तेव्हा तळहाताएवढी होती म्हणून. आता बापापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, डॉक्टर आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मोठ्या हॉस्पिटलात कामाला लागली तेव्हा मी पेढीवर, दुकानात, जिन्यात, जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. आणि मग एके दिवशी बॅग घेऊन परत आली. "थोडे दिवस," म्हणाली.

खरं काय घडलं ते तिने मला भांडी पुसताना सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीत मोठे डॉक्टर डाव्या पायावर खूण करत होते आणि कागदांवर उजवा पाय होता. ही म्हणाली, "थांबा." लहानपणापासून भिंतीवर वाचलेलं, तोंडातून आपसूक गेलं. तिथे कुणी हात वर केले नाहीत, फक्त भुवया वर झाल्या. "तुला कुणी विचारलं होतं?" म्हणून तिला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. पुढे दुसऱ्या कुणीतरी कागद बघितले आणि ऑपरेशन उजव्या पायावरच झालं. हिचं बरोबर होतं, असं मात्र कुणी चकार शब्दाने म्हटलं नाही. उलट त्यानंतर तिच्या वाट्याला अशी हलकी कामं यायला लागली की तिला तिची जागा कळावी.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. काय सांगू? त्यांची पाटी बाहेरच्या जगात चालत नाही, हे?"

"इथे चालते ना."

"पेशंटसाठी चालते, आत्या. बाबांना स्वतःला कधी कुणी थांबा म्हटलंय?"

"मी म्हणते की."

"तू मोठी बहीण आहेस. तू त्यांना श्वास घेतानाही थांबवशील. तुझं सोड."

मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. हे सहसा होत नाही.

बारकी दवाखान्यात बसायला लागली खरी, पण पाहुण्यासारखी. बापाच्या टेबलाशेजारी एक छोटं टेबल लावलं होतं. पेशंट तिच्याकडे बघून गोड हसायचे आणि विचारायचे, "बाळ, बाबा कधी मोकळे होतील?" आमच्या गल्लीतली एक निवृत्त शाळामास्तरीण तर तिच्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीत पर्स ठेवून बापाच्या रांगेत उभी राहायची. घरी तिची बॅग पलंगाखालीच होती. रोजचे कपडे ती त्यातूनच काढायची, धुवून पुन्हा त्यातच ठेवायची. दुसऱ्या एका शहरातल्या हॉस्पिटलचा फोन आला होता आणि रविवारपर्यंत तिला त्यांना कळवायचं होतं. ती राहावी म्हणून माझ्या भावाचा जीव तुटत होता. पण जगाकडून औषधं तोंडाने वदवून घेणारा हा माणूस स्वतःच्या तोंडातून 'राहा' एवढा एक शब्द काढेल तर शपथ. मी दोघांच्या मधे बसून जेवायचे आणि मनातल्या मनात दोघांनाही चांगली झापायचे.

त्याच आठवड्यात शिंपी आला.

शिंप्याचं दुकान आमच्या समोरच. माझ्या भावाचा शाळेपासूनचा जिवलग. दवाखान्यात तो पेशंट म्हणून कधी आलाच नाही. यायचा तो मित्र म्हणून, आणि येता येता काही दुखत असेल तर दाखवायचा. म्हणून त्याला ट्रे नव्हता. मीसुद्धा त्याला कधी अडवलं नाही. पडद्यापासून माझ्या ब्लाउजपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं, त्याला काय पिशवी मागायची, असं आपलं वाटायचं.

त्या दिवशी तो लंगडत आला. गुडघा धरला होता. गालावर कापसाचा बोळा.

"काय रे, या वयात नव्या नवऱ्यासारखी दाढी करायला निघालास?"

"ब्लेड खराब," तो म्हणाला, मला डोळा मारला आणि रांगेला वळसा घालून सरळ आत गेला. बाकावरच्यांनी नाकं मुरडली, पण कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या आतल्या खोलीला अर्धं दार आहे. डोकी दिसत नाहीत, पण आवाज सगळे बाहेर येतात. शिंप्याचे विनोद ऐकू येत होते, माझ्या भावाचं हसू ऐकू येत होतं. "म्हातारा झालास, दुसरं काय! पायाने मशीन मारणं बंद कर आता. चांगली दणदणीत गोळी लिहून देतो, सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर घे, आठवड्यात नाचशील."

आणि मग बारकीचा आवाज आला. अगदी बारीक.

"थांबा."

पेन कागदावर चालल्याची कुरकुर मला बाहेर ऐकू येत होती. ती थांबली नाही.

"थांबा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. मास्तरीणबाईंनी हातातलं मासिक मिटलं.

मी उठून दाराशी गेले. माझा भाऊ मान वर न करता म्हणत होता, "अगं, याला मी चड्डीत होतो तेव्हापासून ओळखतो. याचं अंग मला पाठ आहे."

"पोरी, बापाला शिकवायला लागलीस होय?" शिंपी हसत म्हणाला.

बारकी जागची हलली नाही. हात पाठीमागे घेऊन उभी होती. दारातून मला ते हात दिसत होते. एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला होता. माझ्या जिभेवर शब्द आला होता. मी एकदा गरजले असते तर माझ्या भावाने पेनच काय, खुर्चीही सोडली असती. पण मोठ्या बहिणीचं 'थांबा' तिने आधीच मोजणीतून काढून टाकलं होतं. मी ओठ दाबून धरले. आयुष्यात इतकं जड काही उचललेलं मला आठवत नाही.

तेव्हा माझ्या भावाने मान वर केली. पोरीचा चेहरा बघितला. थप्पड बसणार हे ठाऊक असूनही गाल मागे न घेणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. हॉस्पिटलातली हकीकत त्याला कुणी सांगितली नव्हती. पण माणसाच्या तोंडाकडे बघून दुखणं ओळखण्यात त्याने हयात घालवली आहे. स्वतःच्या मुलीचं कसं कळणार नाही?

त्याने पेन खाली ठेवलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. दोन्ही हात वर केले, अगदी खांद्याच्या वर, त्या चिमुरडीसमोर केले होते तसे.

"आभारी आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "कारण?"

बापाच्या तोंडून तिने स्वतःसाठी 'डॉक्टर' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पण विरघळली वगैरे नाही माझी भाची. कामाला लागली.

"काका, बाही वर करा." शिंप्याच्या हातावर निळेकाळे डाग होते, एक नाही, बरेच. "हे कशाने?"

"मशीनला आपटला असेल हात."

"दुसराही?"

"दुसराही आपटला असेल."

"आणि गालावरचा कापूस सकाळपासून आहे?"

"हल्ली रक्त लवकर थांबत नाही. ब्लेड..."

"ब्लेड खराब नाहीये, काका. कुठल्या गोळ्या घेता?"

"कुठल्याच नाही." हे तो गुडघ्याकडे बघत, फारच चटकन म्हणाला.

"पिशवी?"

"माझी कसली पिशवी?"

"हो ना, त्याची कसली..." माझा भाऊ म्हणायला लागला आणि वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प झाला. वर केलेले हात अजून खाली आले नव्हते.

मी शिंप्याच्या दुकानात, त्याच्या बायकोला फोन लावला. "वहिनी, असशील तशी ये, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये." ती बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन धावत आली. मी तो ट्रेमध्ये ओतला. बटणं, हूक, रिळं, आणि सगळ्यांच्या खाली गोळ्यांची एक पट्टी. माझ्या भावाने ती उचलून वाचली आणि तिथेच स्टुलावर बसला.

"रक्त पातळ करायची गोळी," तो मला म्हणाला, जणू माझ्यापुढे गुन्हा कबूल करत होता. "हिच्यावर मी लिहिलेली ती दणदणीत गोळी पडली असती ना, तर पोटात आतल्या आत रक्त सुटलं असतं. दुखलंही नसतं. कळेपर्यंत..." शिंपीण दाराला धरून उभी होती.

"का नाही सांगितलंस रे?" त्याने मित्राला विचारलं.

शिंपी, ज्याचं तोंड आम्ही कधी बंद झालेलं पाहिलं नाही, तो गुडघा चोळायला लागला. मग म्हणाला, "लेकीकडे गेलो होतो तेव्हा छातीत धडधडायला लागलं. तिने तिथल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने ही दिली. तुला कुठल्या तोंडाने सांगू? आजवर तुझ्याशिवाय कुणाच्या हातात नाडी दिली नव्हती. तुला वाईट वाटलं असतं."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही, दोन्ही एकदम आलं आणि मी खोकले. मित्राला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस मरायला निघाला होता, आणि मित्राचा अपमान होऊ नये म्हणून माझा भाऊ त्याला मारायला.

"गाढवा," माझा भाऊ म्हणाला. पुढचं सगळं बारकीने केलं. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही, ती हृदयासाठी आहे, हे शिंपिणीला समजावलं. रक्त तपासायला पाठवलं, तिकडच्या डॉक्टरांना फोन लावून बोलली, गुडघ्यासाठी चालेल असं वेगळं औषध आणि शेक सांगितला, आणि शेवटी दोघा नवराबायकोंकडून सगळं वदवून घेतलं. शिंपी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा मास्तरीणबाईंनी बाहेरून "शाब्बास" म्हटलं.

मग माझा भाऊ अर्धं दार ढकलून बाहेरच्या खोलीत आला. बाकासमोर उभा राहिला.

"आज माझ्या हातून मोठी चूक होत होती," तो सगळ्यांना म्हणाला. "मित्र म्हणून मी याची पिशवी बघितली नाही. माझ्या मुलीने मला..." थांबला, वाक्य सुधारलं. "इथल्या डॉक्टरांनी मला थांबवलं. यापुढे ट्रे कुणालाच सुटणार नाही. माझा मित्र असो, नाहीतर माझा शत्रू."

मास्तरीणबाई उठल्या, पिशवी माझ्या ट्रेमध्ये ओतली आणि बापाच्या टेबलाला वळसा घालून बारकीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पर्स मांडीवर घेतली. "मला तपास," म्हणाल्या, "आणि काही चुकत असेन तर थांबव."

अभिमानाने माणूस फुगतो म्हणतात. मी त्या दिवशी खुर्चीत मावत नव्हते. एकाचा नाही, दोघांचा. ती बोलली म्हणून तिचा, आणि त्याने ऐकलं म्हणून त्याचा. यातलं अवघड कुठलं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

तरीही संध्याकाळी बॅग पलंगाखालीच होती. मी वाकून बघितली, खोटं कशाला बोलू. चहा घेताना बारकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुमचं बीपी कोण बघतं?"

"मीच."

"गोळ्या कोण देतं?"

"मीच."

तिने कप खाली ठेवला. "आत्या, यांची पिशवी कधी ओतलीस गं ट्रेमध्ये?"

कधीच नाही. मी भावाकडे बघितलं, भावाने बशीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडून पाणी पिऊन येते तोवर बाक भरला होता. बाकावर तिसरा कोण, तर माझा भाऊ. मांडीवर कापडी पिशवी. आजूबाजूचे लोक अवघडून त्याला पुढे व्हा म्हणत होते आणि तो "नाही, नाही, नंबर येऊ दे" म्हणत होता. शेजारी शिंपी, त्याच्या मांडीवर बटणांचा डबा.

त्याचा नंबर आला तसा मी त्याला नाव विचारलं. नियम म्हणजे नियम. त्याने निमूट पूर्ण नाव सांगितलं आणि पिशवी ओतली. बीपीच्या गोळ्या होत्या, त्या मला ठाऊक होत्या. ॲसिडिटीच्या होत्या, त्याही. आणि एक पट्टी झोपेच्या गोळ्यांची होती. ती मला ठाऊक नव्हती. एकाच घरात राहून. मी काही न बोलता ट्रे उचलून आत बारकीच्या टेबलावर ठेवला, आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या दाराशी येऊन उभी राहिले.

तिने बीपी मोजलं. एकेक पट्टी उचलून वाचली. झोपेच्या गोळ्यांपाशी आली.

"ही कधीपासून घेता?"

तो भिंतीवरच्या स्वतःच्याच पाटीकडे बघत राहिला. बारकीने घाई केली नाही. पेशंट गप्प असला की आपणही गप्प बसायचं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"त्या हॉस्पिटलचा फोन आला," तो शेवटी म्हणाला, "तेव्हापासून."

माझ्या भावाला जे तोंडाने सांगता आलं नाही, ते ट्रेने सांगितलं. बारकीने ती पट्टी बराच वेळ बोटांत धरली. मग टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवून दिली.

"ही नको आता," ती म्हणाली. आवाज डॉक्टरचाच होता. "बीपीची सकाळी एक. पोटाची उपाशीपोटी. सांगा बघू."

"बीपीची उपाशीपोटी, पोटाची..."

"थांबा. पुन्हा सांगा."

त्याने दोन्ही हात वर केले. "आभारी आहे," म्हणाला, आणि पुन्हा सांगितलं, या वेळी बरोबर.

"महिन्याने परत दाखवायचं."

"कुणाकडे दाखवू?" त्याने विचारलं. साधाच प्रश्न, कुठलाही पेशंट विचारतो तसा. पण हात अजून वरच होते.

"माझ्याकडे," बारकी म्हणाली.

मी वळले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ती जरा जास्तच मोठ्याने गेली असावी, कारण पुढचा पेशंट शिंपी होता, आणि तो म्हणतो की त्याच्या डब्यातली बटणं अजून खडखडतायत.